गाळणी शाबूत आहे, वेचणारे हात कमी पडताहेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेचार वर्षांची. दीड वर्षापूर्वी ती फिकट, चिडचिडी झाली, जीभ लालबुंद आणि गुळगुळीत दिसू लागली. हिमोग्लोबिन ६ च्या आसपास, तांबड्या पेशी आकाराने मोठ्या आणि बी-१२ फारच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू केली आणि दोन महिन्यांत मूल पूर्ववत खेळायला लागलं. मात्र तेव्हापासून लघवीच्या प्रत्येक तपासणीत प्रथिन '२ प्लस', म्हणजे असायला हवं त्याहून बरंच जास्त, येतंय. सूज नाही, लघवीत रक्त नाही, क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) नॉर्मल. एका डॉक्टरांनी बायोप्सी (सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) सुचवली, दुसऱ्यांनी 'क्युबिलिन'च्या जनुकाची तपासणी करायला सांगितली. आई-वडील विचारतात: हे क्युबिलिन काय आहे, आतड्यातल्या जीवनसत्त्वाचा किडनीशी काय संबंध, बायोप्सी करायची का, आणि पुढे किडनी निकामी होईल का?

मी बालमूत्रपिंडतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करतोय. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाहीतर मधलं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही. तुम्ही लिहिलंय तसंच चित्र असेल आणि जनुकाच्या तपासणीत तेच निघालं, तर लघवीतल्या या प्रथिनामुळे किडनी निकामी होण्याची भीती बाळगायचं कारण नाही. बी-१२ मात्र आयुष्यभर द्यावं लागेल. म्हणजे ज्या गोष्टीने तुमची झोप उडाली आहे ती दुय्यम आहे, आणि जी 'बरी झाली' असं वाटतंय तिच्याकडे कायम लक्ष ठेवायचं आहे.

आता क्युबिलिन. हे एक प्रचंड मोठं प्रथिन आहे, ३,६२३ अमिनो आम्लांची माळ. पेशीच्या पृष्ठभागावर बसून बाहेरून वाहत येणाऱ्या ठरावीक वस्तू पकडायच्या आणि आत द्यायच्या, हे त्याचं काम. अशा प्रथिनांना आम्ही रिसेप्टर म्हणतो. मराठीत 'ग्राही' असा शब्द आहे, पण दवाखान्यात तो कुणाच्या तोंडी येत नाही, म्हणून मीही रिसेप्टरच म्हणेन. या माळेत एकाच धाटणीचे २७ भाग एकापुढे एक ओवलेले आहेत. त्यांना कब डोमेन म्हणतात आणि क्युबिलिन हे नाव त्यावरूनच पडलं. वेगवेगळ्या भागांना वेगवेगळ्या वस्तू चिकटतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

एवढ्या मोठ्या रिसेप्टरची एक गंमत आहे. पेशीच्या आवरणात रुतून बसायला त्याला स्वतःचा खुंटाच नाही. तो खुंटा दुसरं एक लहान प्रथिन पुरवतं, त्याचं नाव ॲम्निऑनलेस. नाव विचित्र आहे खरं. उंदरांमध्ये ते नसलं की गर्भाभोवतीचं ॲम्निऑन हे आवरण तयार होत नाही, यावरून ते आधी सापडलं आणि तेच नाव चिकटलं. माणसाच्या आतड्यातलं त्याचं काम नंतर उमगलं. ॲम्निऑनलेस नसेल तर क्युबिलिन पेशीच्या आत तयार होतं, पण पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. म्हणून दोनपैकी कुठलंही जनुक बिघडलं तरी आजार एकच होतो. क्युबिलिनचं जनुक सीयूबीएन, ते १० व्या गुणसूत्रावर आहे. ॲम्निऑनलेसचं एएमएन, ते १४ व्या. तपासणीचा कागद आला की त्यावर यांपैकी एक नाव असेल.

हा रिसेप्टर शरीरात दोन ठिकाणी खच्चून भरलेला असतो: लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मूत्रपिंडातल्या नलिकांच्या सुरुवातीच्या भागात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडच्या पेशी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. पृष्ठभागावर ब्रशच्या केसांसारखे दाट तंतू, आणि त्यांच्या बुडाशी आत वळणाऱ्या खळग्या. समोरून वाहत जाणाऱ्या द्रवातून हवं ते उचलून घेणं हाच दोघींचा धंदा. एकीसमोरून अन्नरस वाहतो, दुसरीसमोरून होऊ घातलेली लघवी.

आतड्यापासून सुरू करू. बी-१२ हे जीवनसत्त्व शोषून घ्यायला शरीराला जेवढी यातायात करावी लागते तेवढी दुसऱ्या कुठल्याही जीवनसत्त्वासाठी लागत नाही. अन्नातून ते सुटतं पोटातल्या आम्लामुळे. सुटल्याबरोबर लाळेतून आलेलं एक प्रथिन त्याला धरतं आणि आम्लापासून वाचवतं. पुढे स्वादुपिंडाचे पाचक रस या रक्षकाला पचवून टाकतात, आणि मग जठराच्या पेशींनी पाठवलेला 'इंट्रिन्सिक फॅक्टर' बी-१२ ला कवेत घेतो. ही जोडी सबंध लहान आतडं पार करते. वाटेत तिला कुणी हात लावत नाही. अगदी शेवटच्या टप्प्यावर क्युबिलिन बसलेलं असतं, ते ही जोडी ओळखतं. नुसतं बी-१२ आलं तर त्याला ओळख पटत नाही. या पकडीसाठी आजूबाजूला कॅल्शियम असावं लागतं. २७ पैकी पाचवा ते आठवा हे भाग मिळून ही पकड करतात. २०१० मध्ये या भागाची त्रिमिती रचना उलगडली तेव्हा ते नीट दिसलं.

पकड बसली की पेशीचं आवरण तिथे आत वळतं आणि सगळा ऐवज एका पिशवीत आत जातो. आत आम्लता वाढते, पकड सुटते, इंट्रिन्सिक फॅक्टर पचवला जातो आणि बी-१२ मोकळं होतं. काही तासांनी ते पेशीच्या मागच्या बाजूने रक्तात उतरतं, तिथे ट्रान्सकोबालामिन नावाचं वाहक प्रथिन त्याला घेऊन जातं. रिसेप्टर मात्र पुन्हा पृष्ठभागावर येऊन पुढच्या फेरीला तयार.

या वाटेची क्षमता मर्यादित आहे. एका वेळच्या जेवणातून साधारण दीड ते दोन मायक्रोग्रामपर्यंतच बी-१२ अशा रीतीने आत जाऊ शकतं, मग रिसेप्टर भरून जातात. प्रौढाची रोजची गरज २.४ मायक्रोग्रामच्या आसपास, त्यामुळे निरोगी माणसाला तेवढं पुरतं. याशिवाय एक चोरवाट आहे. मोठा डोस तोंडाने घेतला तर त्याचा सुमारे १ टक्का भाग कुठल्याही रिसेप्टरशिवाय झिरपून आत जातो. गोळीबद्दल तुम्ही विचारलंय, त्याच्या उत्तरात ही चोरवाट पुन्हा येईल.

क्युबिलिन कामाचं नसेल तर काय होतं ते आता उघड आहे. आहार कितीही चांगला असो, जठर ठणठणीत असो, इंट्रिन्सिक फॅक्टर भरपूर असो, जोडी शेवटच्या टप्प्यापर्यंत येते आणि कुणी उचललं नाही म्हणून शौचावाटे निघून जाते. बाळ जन्मतं तेव्हा आईकडून आलेला साठा त्याच्या यकृतात असतो, म्हणून पहिले काही महिने, कधी काही वर्षं, सगळं ठीक दिसतं. साठा संपत येतो तसं मूल फिकट होतं, वजन वाढत नाही, जीभ गुळगुळीत होते, पायऱ्या चढताना दमतं. 'आम्ही तिच्या खाण्यात काय कमी केलं?' असं तुम्ही विचारलंय. काहीही कमी केलेलं नाही. हा अपराधभाव आजच सोडून द्या.

आता मूत्रपिंडाकडे येऊ. तुमचा खरा घोर तिथे आहे आणि मलाही त्यावर जरा सावकाश बोलायचं आहे.

'किडनी म्हणजे गाळणी' हे शाळेत शिकलेलं अर्धंच खरं आहे. प्रौढाच्या दोन्ही मूत्रपिंडांत मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, आणि लघवी होते दीड-दोन लिटर. उरलेला सगळा द्रव, त्यातली साखर, क्षार, अमिनो आम्लं पुढच्या नलिका परत रक्तात घेतात. मूत्रपिंड जेवढं गाळतं त्याहून जास्त वेचतं. धान्य चाळताना खाली पडलेले चांगले दाणे कुणीतरी वेचून परत टोपलीत टाकावेत, तसं. क्युबिलिन हा त्या वेचणाऱ्या हातांपैकी एक.

एक हिशोब करून पाहू. रक्तद्रवात लिटरमागे सुमारे ४० ग्रॅम अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, असतं. गाळणीने काहीच अडवलं नसतं तर १८० लिटरमधून दिवसाला सात किलोहून जास्त अल्ब्युमिन खाली उतरलं असतं. अख्ख्या शरीरातही तेवढं नसतं. गाळणी इतकी नेमकी आहे की यातलं नगण्य खाली येतं. पण 'नगण्य' म्हणजे शून्य नव्हे. दिवसाला तीन-चार ग्रॅम उतरत असावं असा सर्वसाधारण अंदाज आहे, आणि या आकड्यावर आमच्या क्षेत्रात अजून वाद झडतात. निरोगी माणसाच्या लघवीत मात्र दिवसाला ३० मिलिग्रॅमहून कमी अल्ब्युमिन सापडतं. मधलं गेलं कुठे? नलिकेच्या सुरुवातीच्या पेशींनी ते उचललं. त्या उचलण्यात क्युबिलिनचा वाटा फार मोठा आहे.

इथे त्याचा एक जोडीदार असतो, मेगॅलिन. नावाप्रमाणेच अवाढव्य, ४,६५५ अमिनो आम्लांचा. त्याला पेशीच्या आवरणात स्वतःचा खुंटा आहे आणि आत ओढण्याची ताकदही भरपूर. दोघं मिळून अल्ब्युमिन, लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन, 'ड' जीवनसत्त्व वाहून नेणारं प्रथिन असं बरंच काही वेचतात. आकाराने अगदी लहान प्रथिनं मुख्यतः मेगॅलिन सांभाळतं. म्हणून नुसतं क्युबिलिन बिघडलं की लघवीत अल्ब्युमिन आणि त्याच्या जोडीची काही प्रथिनं दिसतात, पण छोट्या प्रथिनांचा पूर येत नाही. मेगॅलिन बिघडलं तर चित्र वेगळं असतं. डॉने-बॅरो सिंड्रोम नावाचा तो फार दुर्मिळ आजार डोळे, कान, मेंदू या सगळ्यांवर परिणाम करतो. तुमच्या मुलीत त्याची कुठलीही खूण नाही.

(मेगॅलिनची एक वाईट सवयही सांगून टाकतो. जेंटामायसिनसारखी प्रतिजैविकंही ते इमानेइतबारे वेचून पेशीत घेतं, आणि ती तिथे साचून पेशीलाच इजा करतात. ही औषधं किडनीला बाधतात त्यामागे हे मोठं कारण आहे.)

'ड' जीवनसत्त्वाबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. रक्तात फिरणारं 'ड' वाहक प्रथिनाला चिकटून गाळणीतून खाली येतं. नलिकेच्या पेशी ते आत घेतात, आणि तिथेच त्याचं क्रियाशील रूप तयार होतं, तेच पुढे कॅल्शियम शोषायला मदत करतं. म्हणजे जीवनसत्त्व नुसतं वाया जाऊ नये म्हणून नव्हे, तर कारखान्यात कच्चा माल पोचावा म्हणूनही हे वेचणं लागतं. क्युबिलिन नसलं तर थोडं 'ड' लघवीवाटे जातं. मुडदूस व्हावा इतकं सहसा जात नाही, तरी वर्षातून एकदा पातळी तपासा आणि कमी असेल तर द्या.

तर तुमच्या मुलीच्या लघवीत प्रथिन का दिसतं? गाळणी फाटली म्हणून नाही. रोज प्रत्येकाच्याच गाळणीतून जेवढं खाली पडतं तेवढंच तिच्याही पडतंय, फक्त वेचणारे हात कमी आहेत. लघवीत बुडवून पाहायच्या तपासणीच्या पट्टीला यातला फरक कळत नाही. ती फक्त अल्ब्युमिन पाहून हिरवी होते. फाटक्या गाळणीतून आलेलं असो की न वेचलेलं असो, रंग तोच.

हे ओळखायला मला किती वेळ लागला ते सांगतो. उमेदवारीच्या काळात पाच वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. लघवीत प्रथिन, बाकी काही नाही. मी स्टेरॉइड सुरू केलं. प्रथिन तसूभर हललं नाही. मी डोस लांबवला. मुलाचा चेहरा गोल झाला, वजन वाढलं, रात्री उठून खायला मागू लागला, आणि प्रथिन जिथल्या तिथे. मग बायोप्सी केली, तीही निखळ नॉर्मल. आठ महिन्यांनी त्याची आजी एका पिशवीत जुने कागद घेऊन आली. दोन वर्षांचा असताना त्याला दोनदा रक्त चढवलं होतं आणि मग 'लाल रंगाची इंजेक्शनं' दिली होती, असं ती म्हणाली. बी-१२ चं इंजेक्शन लाल असतं. त्यात कोबाल्ट असतं, त्याचाच तो रंग. मी बी-१२ तपासलं तेव्हा ते पुन्हा तळाला गेलं होतं. कागद पहिल्या दिवशी मागायला हवे होते, ते मी मागितले नव्हते. तेव्हापासून लघवीत प्रथिन घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या रक्ताच्या अहवालात मी आधी तांबड्या पेशींचा आकार पाहतो.

या आजाराला इमर्सलुंड-ग्रेसबेक सिंड्रोम म्हणतात. १९६० साली नॉर्वेत ओल्गा इमर्सलुंड आणि फिनलंडमध्ये राल्फ ग्रेसबेक यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे अशा मुलांचं वर्णन केलं: बी-१२ शोषलं जात नाही आणि लघवीत प्रथिन जातं. दोन गोष्टींचा दुवा काय, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तो दुवा म्हणजे क्युबिलिन हे कळायला १९९० चं दशक सरत यावं लागलं. काही जातींच्या कुत्र्यांनाही हुबेहूब हाच आजार होतो, आणि जायंट श्नॉझर जातीच्या कुत्र्यांच्या अभ्यासाने यात पुष्कळ मदत केली. या नॉर्वेजियन आणि फिनिश मुलांपैकी अनेकांचा पाठपुरावा पुढे दशकानुदशकं झाला. प्रथिन जात राहिलं, मूत्रपिंड काम करत राहिलं. मी सुरुवातीला 'भीती बाळगायचं कारण नाही' म्हणालो ते याच्या बळावर.

दुसरा आधार अलीकडचा आहे. मघाशी म्हणालो होतो की माळेच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळ्या वस्तू चिकटतात. २०२० मध्ये एका मोठ्या अभ्यासात असे रुग्ण सापडले ज्यांच्या क्युबिलिनमध्ये बिघाड होता, पण बी-१२ पकडणाऱ्या भागाच्या पुढे, माळेच्या शेपटाकडे. त्यांचं बी-१२ व्यवस्थित होतं, रक्तक्षय नव्हता. होतं ते फक्त लघवीत प्रथिन, तेही वर्षानुवर्षं, आणि मूत्रपिंडाचं काम नॉर्मल. आणखी एक गोष्ट तिथे दिसली. सर्वसामान्य लोकांमध्येही या भागातले किरकोळ बदल असतात. ज्यांच्यात ते असतात त्यांच्या लघवीत अल्ब्युमिन जरा जास्त, पण गाळण्याची क्षमता इतरांहून कणभर चांगलीच. लघवीतलं अल्ब्युमिन म्हणजे किडनीवर घाला, असं आम्ही सगळे पाठ करत आलो. ते बहुतेक वेळा खरंच असतं, मधुमेहात तर नक्कीच. पण प्रथिन कुठून आलं हे न विचारता नुसत्या आकड्याला घाबरणं चूक आहे, हे या अभ्यासाने आम्हाला दाखवून दिलं.

आता तुमच्या निर्णयांकडे. बायोप्सी आत्ता नको, आधी जनुकाची तपासणी. लहान मुलाच्या मूत्रपिंडात सुई घालणं ही किरकोळ गोष्ट नाही. रक्तस्रावाचा धोका थोडा असला तरी असतो, आणि या आजारात बायोप्सीतून हाती काही लागत नाही. रक्ताच्या एका नमुन्यावर सीयूबीएन आणि एएमएन दोन्ही पाहता येतात. अहवाल यायला काही आठवडे लागतील. तोवर थांबायला हरकत नाही, कारण तिच्या बाबतीत घाई करावी असं काहीही दिसत नाही.

त्याआधी दोन साध्या गोष्टी मात्र झाल्याच पाहिजेत. एक, सकाळी उठल्याबरोबरच्या पहिल्या लघवीत प्रथिन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर. दिवसभर उभं राहून, धावपळ करून काही मुलांच्या लघवीत प्रथिन उतरतं आणि झोपलं की थांबतं. तो निरुपद्रवी प्रकार आहे आणि पहाटेच्या नमुन्यात तो बाद होतो. ताप असताना केलेली तपासणीही धरू नका. दोन, रक्तातलं अल्ब्युमिन. ते नॉर्मल असेल तर बाहेर जाणारं प्रथिन शरीराला सहज परवडतंय.

स्टेरॉइड नको. प्रथिन कमी करण्यासाठी आम्ही नेहमी देतो त्या रक्तदाबाच्या गोळ्याही या आजारात उपयोगाच्या नाहीत. त्या गाळणीवरचा दाब कमी करतात, आणि इथे दोष गाळणीत नाहीच. बी-१२ ने रक्त सुधारलं तरी लघवीतलं प्रथिन जात नाही, हे तुम्ही पाहिलंच आहे. कारण इंजेक्शनने जीवनसत्त्व पोचतं, रिसेप्टर दुरुस्त होत नाही. काही मुलांत, बिघाड कुठल्या जागी आहे त्यानुसार, प्रथिन अजिबात जात नाही, नुसता बी-१२ चा त्रास असतो. त्यामुळे लघवी स्वच्छ आली म्हणजे हा आजार नाही, असंही म्हणता येत नाही.

बायोप्सीबद्दल माझं मत केव्हा बदलेल, तेही सांगतो. चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज आली, लघवीत रक्त दिसलं, रक्तदाब वाढला, क्रिएटिनिन चढू लागलं, रक्तातलं अल्ब्युमिन घसरलं किंवा प्रथिनाचं प्रमाण महिन्यागणिक वाढत गेलं, तर हे दुसरंच काही आहे असं समजून नव्याने तपासेन. क्युबिलिनचा दोष असलेल्या मुलाला मूत्रपिंडाचा वेगळा आजार होऊ शकत नाही, असं थोडंच आहे.

बी-१२ बद्दल मी फार कडक आहे. तुम्ही लिहिलंय की हिमोग्लोबिन १२ झाल्यावर इंजेक्शनं बंद करावी का असा विचार चालू आहे. नाही. यकृताचा साठा भरला की काही महिने, कदाचित वर्ष-दोन वर्षं, काहीच जाणवणार नाही, आणि फसगत नेमकी तिथेच होते. माझ्या त्या पाच वर्षांच्या रुग्णाचं तेच झालं होतं. बी-१२ कमी पडलं की रक्ताबरोबर नसाही, म्हणजे मज्जातंतू, बिघडतात. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, लहान मुलांत शिकलेलं विसरणं. रक्त भरून निघतं, नसांचं नुकसान उशीर झाला तर पुरतं भरून येत नाही. म्हणूनच नुसती फॉलिक ॲसिडची गोळी देऊन रक्तक्षय 'बरा' करू नये. त्याने तांबड्या पेशी सुधारतात, अहवाल चांगला दिसतो आणि नसा आतल्या आत झिजत राहतात.

सुरुवातीला जवळजवळ रोज, मग आठवड्याला आणि शेवटी एक ते तीन महिन्यांतून एकदा, अशी इंजेक्शनची साधारण घडी असते. नेमकं अंतर तुमचे डॉक्टर रक्ताच्या आकड्यांवर ठरवतील. नुसतं बी-१२ न पाहता होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे पदार्थ) हेही पाहिलं तर पेशींना ते खरोखर पुरतंय का हे कळतं. आणि हो, इंजेक्शन मोठ्या मात्रेचं असेल तर त्यानंतरची लघवी लालसर होऊ शकते. रक्त समजून मध्यरात्री धावपळ करणारे पालक मी पाहिलेत.

गोळी चालेल का? ती मघाची चोरवाट आठवा. १,००० मायक्रोग्रामच्या गोळीतून रिसेप्टरविना साधारण १० मायक्रोग्राम आत जायला हवेत, म्हणजे कागदावर गरजेहून पुष्कळ जास्त. प्रौढांत, इंट्रिन्सिक फॅक्टर नसलेल्या रुग्णांत, ही पद्धत चालते. लहान मुलांत मी सुरुवात इंजेक्शननेच करतो, साठा भरतो, आणि मूल मोठं झालं, सुईला फारच घाबरत असलं आणि पालक गोळी एकदाही न चुकवणारे असले, तरच गोळीचा प्रयोग करतो. दर तीन महिन्यांनी रक्त तपासण्याच्या अटीवर. तुम्ही न चुकवणारे आहात का, हे तुमचं तुम्हाला ठाऊक.

घरातल्या इतरांचं. बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत आई आणि वडील दोघांकडूनही आली तरच हा आजार होतो. तुम्ही दोघं वाहक असाल आणि तुम्हाला स्वतःला काही त्रास नसेल, असणारही नाही. तिच्या धाकट्या भावाला आजार असण्याची शक्यता चारात एक. तो दहा महिन्यांचा आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याचं हिमोग्लोबिन, तांबड्या पेशींचा आकार, बी-१२ आणि लघवी या आठवड्यात तपासून घ्या, तो कितीही गुटगुटीत दिसत असला तरी. मी तुमच्या जागी असतो तर मुलीच्या अहवालाची वाट पाहत बसलो नसतो.

शेवटची एक व्यावहारिक गोष्ट. निदान पक्कं झालं की तुमच्या डॉक्टरांकडून एका पानाचं पत्र घ्या. त्यात आजाराचं नाव, जनुकाचा अहवाल, लघवीतल्या प्रथिनाचं तिचं नेहमीचं प्रमाण, रक्तातलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि इंजेक्शनचं वेळापत्रक असू द्या. शाळेची आरोग्य तपासणी, पुढे विमा, नोकरी, बाळंतपण, दर वेळी कुणीतरी लघवीची पट्टी बुडवेल, ती हिरवी होईल आणि समोरचा डॉक्टर दचकेल. तेव्हा ते पत्र पुढे करायचं. त्याची एक प्रत फोनमध्ये ठेवा, एक तिच्या फाइलच्या अगदी वरच्या पानावर, आणि प्रथिनाचा आकडा दर वर्षी पेनाने त्याखाली लिहीत चला.